देवी निजली होती तेव्हा

माझा पाय कोणी वाचवला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. अनुभव लिहिणारे लोक सुरुवातीलाच सांगून टाकतात की हे देवीनं केलं. मला तसं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण ज्या दिवसांत हे झालं त्या दिवसांत तुळजापूरची आई निजलेली होती. माणूस निजलेलं असताना त्यानं काम केलं असं आपण म्हणत नाही. मग देवीच्या बाबतीत कसं म्हणावं? पण पाय जागेवर आहे, हे खरं. जेवढं घडलं तेवढं लिहिते. अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

आमचं गाव बेंबळीजवळ. मी सासरी आले तेव्हापासून आमच्या घरात एक नेम आहे. नवरात्राच्या आधी, भाद्रपदात, आई सिंहासन सोडून पलंगावर निजते आणि घट बसायच्या दिवशी पुन्हा सिंहासनावर येते. तेवढे दिवस आमच्या घरातली कर्ती बाई गादीला पाठ लावत नाही. गादी गुंडाळून ठेवायची आणि जमिनीवर पडायचं. आईला पुढं राक्षसाशी लढायचं आहे, त्याआधी ती विसावा घेते, तिची निज आपण राखायची, असं सासूबाई सांगायच्या. आणखी एक सांगायच्या. त्या दिवसांत तिच्याकडं काही मागायचं नाही. निजलेल्याला हाका मारू नयेत. सासूबाई गेल्या आणि नेम माझ्याकडं आला. एका वर्षी ताप अंगात होता, तरी घोंगडीवर पडले. मालक वारले त्या वर्षीही मोडला नाही. त्यात फार भक्ती होती असं म्हणणार नाही. करायचं असतं म्हणून करत होते.

पायाचं दुखणं श्रावणात सुरू झालं. शेळ्यांच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावताना काटा चपलेतून टाचेत शिरला. मला साखरेचा आजार आहे, त्यामुळं पायाला पहिल्यासारखं कळत नाही. काटा आत मोडला हे मला समजलंच नाही. सुनेनं विचारलं, आत्या, फरशीवर हे डाग कशाचे, तेव्हा मी टाच वर करून बघितली. हळद आणि तेल लावलं. गावातल्या डॉक्टरकडून पट्टी करून घेतली. मग वास यायला लागला, ताप आला, आणि मुलानं गाडी करून मला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सडलेलं सगळं कापून टाकलं. टाचेपासून घोट्यापर्यंत पाय उघडा पडला. मी वाकून बघितलं तर आत काहीतरी पांढरं दिसलं. ते हाड आहे, असं त्यांनी सांगितलं. मी पुन्हा वाकून बघितलं नाही.

मग त्यांनी ते यंत्र लावलं. जखमेच्या मापानं एक काळा स्पंज कापून आत बसवला. त्यावरून प्लॅस्टिकचा पातळ चिकट कागद पायाला घट्ट चिकटवला, त्याला एक भोक पाडलं आणि त्या भोकावर नळी बसवली. नळीचं दुसरं टोक यंत्राला. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं, पलंगाच्या दांडीला अडकवलेलं. चालू केल्याबरोबर तो स्पंज मुठीत धरल्यासारखा आवळून आला आणि नळीतून तांबडं पाणी यंत्राच्या डब्यात जायला लागलं. रात्रंदिवस ते बारीक गुरगुरत राहायचं. दवाखान्यातले लोक त्याला व्हॅक म्हणत.

मला ते काही पटेना. जखम भरायची असते, हे मी जन्मभर ऐकत आले. कुणी हळद भरतं, कुणी मलम भरतं. हे यंत्र उलटं ओढून घेत होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, भरायची आहे तर ओढता कशाला? ते तरुण होते, पण शांतपणे बोलायचे. आत साचलेलं पाणी आणि घाण ओढून घेतली, की रक्त तिकडं धावतं आणि खालून नवं मांस वर येतं, असं त्यांनी सांगितलं. मला अर्धं कळलं. पुढचं मात्र पूर्ण कळलं. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलू, म्हणाले. आतून लाल मांस वर आलं आणि हाड झाकलं, तर मांडीचं कातडं लावून जखम बंद करू. नाही आलं तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल.

म्हातारीला पाय कशाला हवा, असं कुणाला वाटेल. मला सकाळी उठून स्वतः परसाकडं जायला हवा होता. शेळ्या सोडायला हवा होता. सुनेनं मला उचलून बसवावं आणि मी तिच्या तोंडाकडं बघत राहावं, हे मला नको होतं. सून वाईट नाही. माझा स्वभाव वाईट आहे.

त्यातच आईच्या निजेचे दिवस आले. सोयाबीन काढायला आलं होतं, म्हणून सून घरी होती. बायकांच्या वॉर्डात संध्याकाळनंतर पुरुषांना थांबू देत नाहीत, म्हणून मुलगा बाहेर व्हरांड्यात झोपायचा. मी एकटी पलंगावर. खाली गादी, पाय उशीवर उंच ठेवलेला. त्या संध्याकाळी जेवणाची ताटं उचलून झाली आणि माझी तगमग सुरू झाली. सिंहासन मोकळं झालं असेल, आई पलंगावर असेल, आणि मीही पलंगावर. तिच्या बरोबरीनं गादीवर पडल्यासारखं वाटलं. पाय जायची वेळ आलीय आणि आपणच नेम मोडतोय, असा विचार डोक्यात शिरला तो निघेना. मी चादर खाली टाकली, कठडा धरला आणि उतरले.

यंत्र दांडीला तसंच राहिलं. नळी किती लांब आहे याचा मी विचार केला नव्हता. मी फरशीवर बसले तशी नळी ताणली, चिकटवलेला कागद टाचेजवळ सुटला, आणि यंत्र ओरडायला लागलं. हवा आत शिरली की ते तसं ओरडतं, हे मला नंतर कळलं. उठायच्या धडपडीत टाच फरशीवर आपटली. सिस्टर धावत आल्या. डबा एकदम लाल झाला होता. डॉक्टरांना बोलावून सगळं काढून नव्यानं बसवावं लागलं. तो स्पंज काढताना काय होतं ते मी लिहीत नाही. पाय बधिर आहे असं मी समजत होते, तेवढा तो बधिर नव्हता.

डॉक्टर चिडले नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. ते म्हणाले, आजी, पाय खाली लोंबला तर सूज चढते, पट्टी सुटली तर आतलं सगळं काम थांबतं, आणि जखमेला आता एवढी सवड नाही. मुलगा मात्र वॉर्डात येऊन सगळ्यांसमोर बोलला. "माय, देवीला तुझा पाय पाहिजे का? दे मग कापून, मी काय म्हणू?"

दुसऱ्या दिवशी दिवसभर मी हट्टानं गप्प पडून राहिले आणि संध्याकाळ झाली तशी पुन्हा तीच तगमग. या वेळी यंत्र आधी खाली घ्यायचं आणि मग उतरायचं, असं मी ठरवलं. हात यंत्राकडं नेला तोच शेजारच्या पलंगाजवळची बाई उठून आली. ती भूमकडची, आजारी जावेबरोबर राहिलेली. दोघींचं दिवसभर भांडण चालायचं, पण जावेला घास तीच भरवायची. तिनं माझा हात यंत्रावरून काढला.

"मावशी, आधी पाय वर घ्या. मग काय सांगायचं ते सांगा."

मी सगळं सांगितलं. ती बोटानं मिसरी लावत ऐकत होती. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "म्हंजी कुणीतरी खाली पडायचं, येवढंच ना?"

"कुणीतरी न्हाय. म्या."

"तुमाला तर पडता येत न्हाय. म्या रोजच पडायलेय हितं फरशीवर. या बाईसाठी पडायलेय म्हणून मला कोण पुण्य देणार हाय?" तिनं जावेकडं बोट दाखवलं. "आजपास्नं तुमच्या नावानं पडते. तुमी वर पडा."

जाऊ पलंगावरून म्हणाली, "घोरती लई. हिच्या घोरण्यानं देवी उठायची."

वॉर्डातल्या बायका हसल्या. मला राग आला. माझा इतक्या वर्षांचा नेम या बाईनं चेष्टेवारी नेला, असं वाटलं. शिवाय एकीचा नेम दुसरीनं करायचा, हे मी कुठं ऐकलं नव्हतं. एकीनं उपास धरला आणि दुसरी जेवली तर तो उपास कुणाचा? पण मी थकले होते. पाय ठणकत होता. मी पाय उशीवर ठेवला आणि पडून राहिले. ती रोज दिवे कमी व्हायच्या आधी सतरंजी टाकायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "पडले बघा तुमच्या नावानं." मला लाज वाटायची. आणि खरं लिहायचं तर, झोपही लागायची. इतकी गाढ झोप मला घरीसुद्धा कधी लागली नव्हती. सकाळी उठलं की पहिल्यांदा त्याचंच वाईट वाटायचं.

मधे एकदा स्पंज बदलला. डॉक्टर म्हणाले, अजून सांगता येत नाही. काही ठिकाणी रंग बदललाय, हाड दिसतंच आहे. त्या दिवशी मागणं माझ्या अगदी ओठांवर आलं. आई, पाय राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मी ते गिळलं. निजलेल्याला हाका मारू नयेत. नेमातलं निम्मं दुसऱ्या बाईकडं गेलं होतं, उरलेलं निम्मं तरी मी पाळावं, असं वाटलं. पण मागायचं नाही, उतरायचं नाही, हलायचंही नाही, मग माणसानं करायचं काय? जन्मात पहिल्यांदा मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. यंत्र ओढत होतं, बाई खाली पडली होती, मी वर पडले होते. मी नुसती होते.

मग भूमच्या बाईच्या जावेला घरी सोडलं. घट बसायला अजून दिवस होते. त्या पलंगावर लगेच दुसरी म्हातारी आली, आणि तिच्याबरोबर तिची मुलगी, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची, शाळेत शिक्षिका. तिच्या पाठीच्या मणक्याला त्रास होता, म्हणून तिनं घरून स्वतःची गादी आणली होती. भूमच्या बाईनं पिशव्या उचलता उचलता तिला सगळं सांगितलं, घराची किल्ली शेजारणीकडं द्यावी तसं. "हे ह्या मावशीचं हाय. घट बसूस्तवर चालू ठेवा," म्हणाली, आणि जावेशी भांडत जिना उतरून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही. तिनं माझं विचारलं नव्हतं. माझ्या नावानं पडते असं रोज म्हणायची आणि नाव तिला माहीतच नव्हतं, हे मला ती गेल्यावर सुचलं.

शिक्षिका माझ्याकडं वळून म्हणाली, "आजी, खरं सांगू का, मी हे काही मानत नाही."

"मग नका करू. मी कुठं सांगितलं तुम्हाला?"

ती बरं म्हणाली. मला उलट सुटल्यासारखं वाटलं. चेष्टा संपली, आता आपलं आपण बघू. संध्याकाळी यंत्र कसं उतरवायचं याचा मी विचार करत होते आणि माझा हात कठड्यावर होता. तिनं तो बघितला. आपली गादी गुंडाळली, म्हातारीच्या पलंगाखाली सरकवली आणि फरशीवर एक चादर घातली. मी म्हटलं, तुमची पाठ? ती म्हणाली, "तुम्ही खाली उतरलात तर पाय जाईल. मी खाली झोपले तर पाठ दुखेल. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

तिची पाठ दुखली. रोज सकाळी ती एका हातानं पलंगाचा पाय धरायची, दुसरा हात कमरेवर ठेवायची आणि तोंड वाकडं करत उठायची. मी ते वरून बघायची. भूमच्या बाईनं जे दिलं ते तिच्याजवळ होतंच, तिला तसंही फरशीवरच झोपायचं होतं. या बाईनं जवळची गादी काढून ठेवली होती. देवीला मानणारी मी गादीवर आणि न मानणारी जमिनीवर. कुठं काय उलटं झालं होतं, मला लागेना. मी तिला दोनदा म्हटलं, बास करा आता. तिनं ऐकलं नाही. तिच्या आईनं मला हळूच सांगितलं, ही लहानपणापासून अशीच आहे, हिला नको म्हणू नका, उलट करते.

घट बसायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा पट्टी सोडली. स्पंज काढताना मी डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मी समजले, गेला. डोळे मिटूनच विचारलं, "कधी काढायचा?"

"आजी, डोळे उघडा आणि बघा," ते म्हणाले.

मी बघितलं. आत सगळीकडं लाल, ओलं, बारीक दाण्यांचं मांस आलं होतं. पांढरं कुठं दिसत नव्हतं. त्यांनी चिमट्याचं टोक जरासं लावलं तर लगेच रक्ताचा थेंब आला, आणि त्या रक्ताचा त्यांना आनंद झाला. पाय काढायचा नाही, म्हणाले. आता कातडं लावू.

एक दिवस उशीर झाला असता तर माझा गोंधळ झाला नसता. दुसऱ्या दिवशी आई सिंहासनावर येणार होती. तेव्हा हे दिसलं असतं तर मी सरळ हात जोडून म्हटलं असतं, आई उठली आणि तिनं पहिलं काम माझं केलं. पण ती अजून निजलेलीच होती. मी काही मागितलेलं नव्हतं. नेम माझ्या हातून झाला नव्हता. हात जोडायचे तर कुणाला? यंत्राला जोडायचे? मी डॉक्टरांना जोडले. त्यांनी घाईघाईनं माझे हात खाली केले.

शिक्षिका पाय बघायला आली. बरं झालं, एवढंच म्हणाली. मला वाटलं, हिची आता सुटका झाली. पाय राहणार हे ठरलं, आता मी खाली उतरेन ही भीती नाही, म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणं फरशीवर झोपायचं कारणच संपलं. संध्याकाळी ती चादर झटकत होती. मी म्हटलं, "आता गादी काढा. तुम्ही तर मानत नाही."

"नाही मानत," ती म्हणाली. "घट उद्या आहेत ना? मग आजची रात्र राहिली की." आणि खाली झोपली.

त्या रात्रीचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही. आधीच्या रात्री माझ्या पायासाठी होत्या, असं समजते. ही कशासाठी होती? तिलाही सांगता आलं नसतं, असं मला वाटतं. सकाळी ती कमरेवर हात ठेवून उठली, गादी बाहेर काढली, तीवर आडवी झाली आणि दहा वाजेपर्यंत उठली नाही. तिच्या आईचा चहा मी सिस्टरांना सांगून मागवला.

नंतर मांडीचं कातडं काढून टाचेवर लावलं. ते धरलं. घरी आल्यावर बरेच महिने मऊ बूट घालून काठीनं चालले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं रोज रात्री आरसा धरून तळपाय बघते. पाय सुंदर दिसत नाही. चालतो.

चालायला लागल्यावर मुलाबरोबर तुळजापूरला गेले. आमच्या घराण्याच्या पुजाऱ्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, नेम मोडला की झाला? ते म्हणाले, "आजी, मोडला म्हणावं तर दोन बाया जमिनीवर झोपल्या. झाला म्हणावं तर तुम्ही गादीवर. मला नाही सांगता येत." मला ते उत्तर आवडलं. त्यांनी काहीतरी गोड सांगून मला वाटेला लावलं असतं तर मी ते धरून बसले असते.

मला एवढंच कळलं आहे. जन्मभर मी देवीसाठी काही ना काही करत आले, आणि ते मी करते याचा मला ताठा होता. तो ताठा मला माहीत नव्हता. माझ्या हातून सगळं काढून घेतलं तेव्हा तो दिसला. वर पडून राहणं आणि खाली दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी झोपलेलं सोसणं, हे मला फरशीपेक्षा कठीण गेलं. शरण जाणं म्हणतात ते हेच असेल तर मी काही आपणहून गेले नाही. मला नेलं. कुणी नेलं, ते ठाऊक नाही.

गाभाऱ्यासमोर पोचले तेव्हा आई जागी होती. मागायला हरकत नव्हती, पण मागायला काही नव्हतं. त्या दोघींचं तिला सांगावं असं मनात होतं. तर भूमच्या बाईचं नाव मला ठाऊक नाही, आणि शिक्षिकेला तिचं नाव देवीपुढं घेतलेलं आवडलं नसतं. म्हणून मी म्हटलं, त्या दोघींचं तू बघ. मागून रेटा आला. मी दोन्ही पाय फरशीवर घट्ट टेकवले आणि आणखी थोडा वेळ उभी राहिले.